सहलीला कारण लागतं का?

(सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त ३ जानेवारी २०२६ रोजी दौंड येथे शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महिला गटांचा मेळावा झाला. तिथे केलेलं हे भाषण, थोडं संपादित करून.)

मैत्रिणींनो,

आजच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘महिला सक्षमीकरण : अनुभव आणि आव्हाने’ असा विषय छापला आहे. त्या विषयावर मी बोलेन, पण वेगळ्या वाटेने. गेले दोन महिने एक गोष्ट माझ्या मनात घोळते आहे. ती सांगितल्याशिवाय सक्षमीकरणावर बोलायचा मला अधिकार नाही असं वाटतं. आपण क्रिकेटची मॅच बघायला नवी मुंबईला गेलो होतो, त्या सहलीची ही गोष्ट आहे. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणी त्या गाडीत होत्या. माझं काही चुकलं तर त्यांनी मला जागेवरच थांबवावं.

ज्या आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. २०२५ साली ३० सप्टेंबर ते २ नोव्हेंबर या काळात बायकांच्या क्रिकेटचा विश्वचषक भारतात आणि श्रीलंकेत झाला. बंगळुरूला व्हायचे सामने ऑगस्टमध्ये नवी मुंबईला हलवले गेले आणि विश्वचषक आपल्या दाराशी आला. साखळी सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून होती. ही बातमी मला कुणी सांगितली असेल? आपल्या किशोरी गटातल्या दहावीच्या एका मुलीने. ती म्हणाली, “ताई, शंभर रुपयांत मॅच म्हणजे आपल्यालापण जाता येईल की!” या ‘आपल्यालापण’मध्ये सगळं आलं. मॅच ही दुसऱ्यांनी बघायची गोष्ट आहे, असं ती तोवर धरून चालली होती.

२६ ऑक्टोबरचा, रविवारचा सामना ठरला. भारत विरुद्ध बांगलादेश. २३ तारखेला भाऊबीज, मुलींच्या शाळांना सुट्टी. माहेरी गेलेल्या परत आलेल्या असणार, फराळाचं काम उरकलेलं असणार. शनिवारी सकाळी निघायचं, रात्री मुक्काम करायचा, रविवारी मॅच बघून रात्रीच परतायचं. बावीस बायका आणि बारा मुली तयार झाल्या.

पैशांचं बोलते, कारण बायकांच्या सहलीत पैशांचा प्रश्न शेवटी येत नाही, पहिला येतो. मी आधी आमच्या प्रकल्पाच्या बजेटमध्ये हात घालून पाहिला. आमच्या क्षेत्रात ‘एक्सपोजर व्हिजिट’ नावाचं एक खातं असतं. गांडूळखताचा प्रकल्प बघायचा असेल, पापडाचा उद्योग बघायचा असेल, तर त्यातून खर्च करता येतो. मॅचसाठी येत नाही, असं मला हिशेबनिसांनी सांगितलं, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होते. मग आपण दर आठवड्याला पन्नास-पन्नास रुपये बाजूला टाकले. दिवाळीच्या गर्दीत एसटीची प्रासंगिक करारावर गाडी मिळेना, म्हणून लग्नाच्या वऱ्हाडाला नेतात ती खासगी गाडी ठरवली. कुणाची देणगी नाही, कुणाचं अनुदान नाही. सगळा पैसा आपला.

आणि तरीही मी एक कागद काढला. घरी दाखवायला म्हणून. त्यावर टाईप केलं होतं : ‘महिला सक्षमीकरण अभ्यास सहल, नवी मुंबई, दिनांक २५ व २६ ऑक्टोबर’. खाली संस्थेचा शिक्का आणि माझी सही. त्या कागदावर ‘मॅच’ हा शब्द कुठेच नव्हता.

बैठकीत कागद वाटताना आपल्यातल्या सगळ्यात वयस्कर आत्यांनी तो नातीकडून वाचून घेतला आणि मला विचारलं, “मॅच बघाया चाललोय असं लिव्हायला काय जातंय गं?” मी म्हटलं, “आत्या, घरच्यांना पटलं पाहिजे ना.” त्या काही बोलल्या नाहीत. कागदाची घडी घालून कनवटीला लावली. मला वाटलं, विषय संपला.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाचं काय एवढं? त्याकडे मी येतेच. आधी सहल तर सांगू द्या.

गाडी शिरूरहून निघाली. न्हावऱ्यावरून चौफुल्याला आली. तिथे दौंड आणि केडगावकडच्या बायका उभ्याच होत्या, पिशव्या, डबे, अंगावर ठेवणीतल्या साड्या. चौफुला म्हटलं की आपल्या भागातला पुरुष कशासाठी हसतो ते तुम्हाला माहीत आहे. तिथल्या कला केंद्रांत नाचणाऱ्या बायांबद्दल मला वावगं बोलायचं नाही, त्या पोटासाठी उभ्या असतात. पण बघायला जाणाऱ्याला घरी कागद दाखवावा लागत नाही. बैलगाडा शर्यतीला जाणाऱ्याला लागत नाही. जत्रेतल्या कुस्त्यांना, रात्रभराच्या तमाशाला लागत नाही. “तुला तिथून काय मिळालं?” असं त्याला कुणी विचारत नाही. तो ‘गेला होता’ एवढंच पुरतं.

दोघी जणी आल्या नाहीत. रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटावर काम करतात. त्यांना रविवारची सुट्टी नव्हती, आणि खाडा केला तर पैसे कापले जाणार होते. गाडीतल्या दोन सीट रिकाम्या राहिल्या. मी त्या कुणाला देऊ शकले असते, पण दिल्या नाहीत.

वाटेत एका पंपावर थांबलो. बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली मागितली तर किल्लीवाला जेवायला गेलेला. चौतीस जणी, आणि आडोसा कुठेच नाही. हे तुम्हाला नवीन नाही. आपण घरून निघताना पाणी कमी पितो ते काही तहान नसते म्हणून नाही. पण त्या दिवशी बायका गाडीत जाऊन बसल्या नाहीत. चौतीस जणी त्या कुलपासमोर उभ्या राहिल्या. दहा मिनिटांत किल्ली आली.

मुक्कामाची सोय एका मैत्रिणीच्या भावाने केली होती. तो तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार आहे. शिरूर, आंबेगाव, जुन्नरकडच्या कितीतरी घरांतले भाऊ त्या बाजारात पाठीवर पोती वाहून म्हातारे झाले. त्याने कोपरखैरण्याला एक हॉल मिळवून दिला आणि बहिणीला म्हणाला, “ही माझी ओवाळणी.” संध्याकाळी वाशीहून लोकलने सीएसएमटीला गेलो, आणि तिथून चालत मरीन ड्राइव्हला. अकरा जणींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. कठड्यावर बसलो. कुणीच काही बोलत नव्हतं. नंतर एक जण म्हणाली, “इथं बसायला पैसे पडत नाहीत?” नाही पडत, म्हटलं. “आणि कवा उठायचं?” वाटेल तेव्हा, म्हटलं. तिला या दुसऱ्या उत्तराचं जास्त नवल वाटलं.

रात्री हॉलमध्ये मुलींनी विचारलं, बायका क्रिकेट कधीपासून खेळतात? मी वाचून गेले होते, ते सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण त्यात आपल्या जिल्ह्याचं नाव आहे.

बायकांचा पहिला विश्वचषक १९७३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुरुषांचा पहिला १९७५ साली. म्हणजे बायका दोन वर्षं आधी होत्या. आपल्या देशात बायकांच्या क्रिकेटची संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ किती आले? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तिथून हे सुरू झालं. १९७६ साली शांता रंगास्वामी यांच्या कप्तानीखाली भारताच्या बायका पहिली कसोटी खेळल्या. त्या काळातल्या खेळाडू आरक्षण नसलेल्या डब्यातून, आपली वळकटी आपणच उचलून प्रवास करत. १९८२ साली विश्वचषकासाठी न्यूझीलंडला जायचं तर खेळाडूंनीच पैसे भरावेत असं सांगण्यात आलं होतं. मुंबईच्या डायना एदलजी यांनी मुलाखतींत हे सांगितलं आहे. आपल्याच देशासाठी खेळायचं आणि त्यासाठी पैसेही आपणच भरायचे.

२००६ साली क्रिकेट मंडळाने बायकांचं क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतलं. पण छत्राखाली घेणं वेगळं आणि घरात घेणं वेगळं. २०१३ साली बायकांचा विश्वचषक भारतात होता. मुंबईतले सामने वानखेडे मैदानावर ठरलेले. पण त्याच दिवसांत पुरुषांच्या रणजी स्पर्धेचा अंतिम सामना त्या मैदानावर आला, आणि विश्वचषकातल्या बायकांना तिथून हलवून ब्रेबॉर्नवर पाठवलं. देशातल्या एका स्पर्धेसाठी जगाच्या स्पर्धेने जागा सोडायची, कारण ती स्पर्धा बायकांची. पाहुणे आले की आपण ताट घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसतो, तसंच हे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने सामन्याचं मानधन पुरुष आणि बायकांना सारखं केलं. एकदिवसीय सामन्याचे सहा लाख, दोघांनाही. हे ऐकल्यावर हॉलमधून एक आवाज आला : “आन् खुरपणीचं कवा सारखं व्हनार?” समान मजुरीचा कायदा देशात १९७६ साली झाला, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग आमच्या शेताच्या बांधावर त्यो अजून पोचला न्हाई वाटतं.”

रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलेलं. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेलो. आत डबा, बाटली काही न्यायचं नाही असा नियम. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा सगळं गाडीत परत ठेवावं लागलं. झडतीच्या रांगेत एका मावशींची मिश्रीची डबी निघाली. तपासणाऱ्या पोरीने ती बाजूला ठेवली आणि हसून म्हणाली, “आजी, चार तास दम धरा.” मावशी म्हणाल्या, “चाळीस वर्सं कशाकशाला दम धरला, आता चार तास काय!”

पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला. थोडं खेळून पुन्हा थांबला. षटकं कमी होत होत सत्तावीसवर आली. बांगलादेशच्या मुलींनी ९ बाद ११९ केल्या. आपल्या राधा यादवने तीन बळी घेतले. ही राधा कांदिवलीत लहानसं दुकान चालवणाऱ्या बापाची मुलगी, हे मी सांगितल्यावर आमच्या रांगेतून तिच्या नावाचा असा काही गजर झाला की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. एक गृहस्थ म्हणाले, “तुम्ही कुठल्या?” आमच्या आत्या म्हणाल्या, “शिरूरच्या. का?” त्या ‘का’नंतर ते पुन्हा वळले नाहीत.

मग एक चेंडू अडवायला प्रतिका रावल धावली आणि तिचा पाय मुरगळून ती मैदानात पडली. स्टेडियम गप्प झालं. आत्या उभ्या राहून ओरडल्या, “अगं, पोरीला उचला की कुनीतरी!” तिला बाहेर नेलं. भारताचा डाव सुरू झाला, तेव्हा तिच्या जागी अमनज्योत कौर सलामीला आली. स्मृती मानधना आपल्या सांगलीची, तिच्या प्रत्येक फटक्याला मुली उड्या मारत होत्या. बिनबाद ५७ झाल्या आणि पाऊस आला. हा मात्र थांबायला आलेला पाऊस नव्हता. आम्ही वाट बघितली. मुलींनी फुगड्या घातल्या. ज्यांना आजवर मी फक्त कर्जाच्या हप्त्याविषयी बोलताना ऐकलं होतं, त्या बायका खुर्च्यांच्या मधल्या वाटेत झिम्मा खेळत होत्या. अखेर जाहीर झालं : सामना अनिर्णित.

आमच्यातल्या एकीने विचारलं, “म्हंजी कोन जिकलं?” कुणीच नाही, म्हटलं. “म्हंजी झालीच न्हाई?” कागदावर झाली नाही, म्हटलं. भारत आधीच उपांत्य फेरीत पोचला होता, त्यामुळे निकालाने काही बिघडणारही नव्हतं. गाडीत बसलो. पहाटे चौफुल्याला एकेकीला न्यायला कुणी आलेलं, कुणी नाही. उजाडता उजाडता शिरूर.

घरोघरी काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. बहुतेक ठिकाणी थट्टा झाली. “पाऊस बघाया गेल्ता व्हय मुंबईला? आपल्याकडं कमी पडला का?” एका सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. एका घरी नवऱ्याने चहा करून ठेवला होता, हेही सांगायला हवं.

आणि एका घरी मारहाण झाली.

तिचं नाव, गाव मी सांगणार नाही. तुमच्यापैकी ज्यांना माहीत आहे त्यांनीही सांगू नये. लहान मूल असलेली सून आहे. तिने माझा कागद घरी दाखवला होता आणि ‘ट्रेनिंगला चालले’ असं सांगितलं होतं. आपल्या एका मुलीने गालावर तिरंगा रंगवलेल्या सगळ्यांचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला टाकला. तो फिरत फिरत नवऱ्याच्या मित्रांकडे गेला. “तुझी बायको ट्रेनिंगला गेली म्हणालास ना? ही बघ ट्रेनिंग.” ते हसले. सोमवारी त्याने तिला मारलं, मोबाईल काढून घेतला आणि गटाच्या बैठकीला जायचं बंद केलं.

शेजारणीने मला बुधवारी सांगितलं. आम्ही तिघी जणी गेलो. मी बोलायला सुरुवात केली, कायदा सांगायला लागले. तो आत गेला आणि घडी केलेला कागद घेऊन बाहेर आला. “हे तुमचंच ना, मॅडम? सही तुमचीच ना? ह्यात मॅच कुठंय दाखवा.”

मैत्रिणींनो, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मला दहा वर्षं झाली. दारूच्या दुकानासमोर उभी राहिले, पोलीस ठाण्यात रात्री काढल्या. त्या दिवशी त्या ओट्यावर मला उत्तर नव्हतं.

नीट समजून घ्या. माझ्या कागदामुळे त्याने मारलं असं मी म्हणत नाही. हात त्याचा आणि गुन्हाही त्याचाच. मारायचं ठरवलेल्याला कारण सापडतंच. भाजीत मीठ कमी असतं, हाक मारल्यावर ओ द्यायला उशीर होतो. हे मी त्याला तिथेच सांगितलं. ‘कागदावर खोटं मी लिहिलं, तिने नाही, आणि त्यासाठी तिच्यावर हात उगारायचा अधिकार तुम्हाला नाही,’ असं स्पष्ट सांगितलं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सांगितला. तिला बाजूला घेऊन १८१ हा मदतीचा नंबर दिला, तक्रार करायची असेल तर आम्ही बरोबर आहोत म्हटलं. तिने आत्ता नको म्हटलं. तो निर्णय तिचा आहे आणि तो आपण मानायचा आहे.

पण माझ्या वाट्याचं मला झटकता येत नाही. मी तिच्या तोंडचं उत्तर काढून घेतलं. ‘होय, मॅच बघायला गेले होते, सांगून गेले होते,’ असं ती म्हणू शकली असती. कदाचित त्याने तिला आधीच अडवलं असतं. कदाचित भांडण झालं असतं, आणि ते भांडण आपण गट म्हणून आधी भांडलो असतो. त्याऐवजी ती खोटं बोलताना पकडली गेलेली बाई झाली. सगळा गाव त्याच्या बाजूने झाला. “मारलं ते चूक, पण तिनं खोटं का सांगितलं?” हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकलं असेन.

मी तो शब्द का लिहिला, याचा मी विचार केला. घरच्यांना पटावं म्हणून, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मलाच ते पटलं नव्हतं. बायकांनी नुसत्या मजेसाठी दोन दिवस घर सोडावं हे मलाही कुठेतरी गैर वाटत होतं. म्हणून मी त्याला अभ्यासाची शाल पांघरली.

बाईने घराबाहेर पडायची मान्य कारणं कोणती, बोटांवर मोजू या. माहेर. लग्न. मयत. दवाखाना. बाजार. देव. आपल्या चळवळीने आणि बचत गटांनी यात दोन-तीन भर घातली : बैठक, प्रशिक्षण, मोर्चा. ही भर फार कष्टाने घातली, तिची मला किंमत आहे. पण यादी बघा. यात एकही कारण असं नाही की ज्यात बाई स्वतःसाठी, नुसती बघायला, हसायला, ओरडायला गेली. कुणाचं तरी काही करायला, नाहीतर काही शिकून येऊन कुटुंबाच्या उपयोगी पडायला. ज्या महात्म्याच्या आणि ज्या मायमाउलीच्या नावाने आपण आज जमलो, त्यांनी बायकांना शिकवायला सुरुवात केली तेव्हा शेणगोळे आले. आता शिक्षण हे मान्य कारण झालं आहे. इतकं मान्य, की आपण आपली मजासुद्धा त्याच्या पदराआड लपवतो.

पुढच्या रविवारी, २ नोव्हेंबरला, अंतिम सामना होता. त्याच दिवशी कार्तिकी एकादशी. आपल्या भागातल्या कितीतरी बायका पंढरपूरला गेल्या होत्या आणि त्यांना कुणी कागद मागितला नव्हता. विठ्ठलाच्या नावाने तरी बाईला रस्ता मोकळा होतो, हे चांगलंच आहे. आम्ही उरलेल्या इथे दौंडला एका मैत्रिणीच्या अंगणात टीव्ही लावून बसलो. उपासाची भगर आणि आमटी. तिकडे पुन्हा पाऊस, सामना दोन तास उशिरा. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून शफाली वर्माला संघात बोलावलं होतं. तिने ८७ धावा केल्या आणि दोन बळीही घेतले. दीप्ती शर्माने अर्धशतक काढलं, पाच बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टने शतक ठोकलं, तेव्हा आमच्या जिवात जीव नव्हता. तिचा झेल अमनज्योतच्या हातातून दोनदा उसळला आणि तिसऱ्यांदा हातात बसला. बावन्न धावांनी जिंकलो. २००५ आणि २०१७ साली अंतिम सामन्यात हरलो होतो, आता पहिल्यांदा जिंकलो. मध्यरात्र झाली होती. ट्रॉफी हातात आल्यावर त्या मुलींनी ती मिताली राज आणि झुलन गोस्वामीच्या हातात दिली, ज्यांना खेळताना ती मिळाली नव्हती. आपल्या आधीच्यांना असं बोलावून घेणं मला फार आवडलं.

अंगणात सगळ्या रडत होत्या. एक मुलगी म्हणाली, “ताई, आपण बघितली ती मॅच झालीच नाही म्हणतात. पण प्रतिका पडली ती आपल्यासमोर. आपण तिथं होतो.” मी आजूबाजूला बघितलं. एक जण तिथे नव्हती. तिच्या घरी त्या रात्री टीव्ही चालू होता की नाही, मला माहीत नाही.

आता कामाचं बोलते. मला चार गोष्टी सुचवायच्या आहेत. पटल्या तर आजच ठरवू, नाही पटल्या तर भांडा.

पहिली. दरवर्षी प्रत्येक गटाची एक सहल निघावी, आणि गटाच्या वहीत तिचं खातं ‘सहल’ या नावाने असावं. ‘अभ्यास’, ‘प्रशिक्षण’, ‘एक्सपोजर’ काही नको. प्रशिक्षणाला प्रशिक्षण म्हणू, सहलीला सहल म्हणू.

दुसरी. घरी खरं सांगायचं. मला माहीत आहे, हे बोलायला सोपं आहे. मी एकटी राहते, मला कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून खरं सांगायचं ओझं एकेकीवर टाकायचं नाही. जिच्या घरी अडचण आहे तिच्या घरी चौघींनी आधी जायचं. मारहाण झाल्यावर मी गेले, तसं नंतर नाही. आणि खरं सांगणं जिच्यासाठी धोक्याचं आहे, तिने काय सांगायचं ते तिलाच ठरवू द्यायचं. पण खोट्याचा कागद संस्थेने काढायचा नाही.

तिसरी. मुलींचं मैदान. सहलीहून आल्यावर मुलींनी मला विचारलं, शाळा सुटल्यावर मैदानावर रोज मुलांचं टेनिस बॉल क्रिकेट चालतं, आम्ही कधी खेळायचं? आपल्या गावांत मुलींना मैदानाची बंदी कुणी घातलेली नाही. फक्त त्यांना तिथे जागा नाही. आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळचं मैदान मुलींचं, असा ठराव पुढच्या महिला सभेत मांडून ग्रामसभेकडे पाठवायचा. मुलींनी अर्ज लिहिला आहे. सह्या आपल्या लागतील. आणि त्या दोन संध्याकाळी आपल्यापैकी दोघींनी कडेला जाऊन बसायचं. राखण करायला नाही, बघायला. टाळ्या वाजवायला.

चौथी. एमआयडीसीतल्या त्या दोघींच्या रिकाम्या सीटा. पुढची सहल ठरवताना त्यांच्या सुट्टीचा दिवस आधी विचारायचा. ऊसतोडीला आलेल्या बायका आपल्या शिवाराच्या कडेला कोप्या घालून राहतात, त्यांना तर आपण विचारलंही नव्हतं. मजा ही ज्यांना वेळ आहे त्यांचीच झाली, तर आपण पुरुषांचंच अनुकरण केलं असं होईल.

आत्या समोर बसल्या आहेत. त्यांना मी सगळ्यांच्या देखत सांगते : आत्या, तुम्ही विचारलं होतं, लिहायला काय जातंय. मला तेव्हा कळलं नाही. आता कळलं.

शेवटचं. ती मैत्रीण आज इथे नाही. तिच्या बचतीचा हप्ता मात्र दर महिन्याला शेजारणीच्या हातून वेळेवर येतो. डिसेंबरच्या हप्त्याबरोबर शेजारणीने तिचा निरोप आणला. पुढच्या सहलीला तिचं नाव लिहून ठेवा म्हणाली. आणि म्हणाली, ताईला सांगा, या वेळी कागदावर खरं लिहा.

एवढं बोलून थांबते.